पंपगृहातील अभियंता आणि दहावीची विद्यार्थिनी : खानापूर तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक विद्यालयात मी गणित आणि विज्ञान शिकवते. विद्यालय दहावीपर्यंतच आहे. अकरावीसाठी मुलामुलींना विट्याला जावे लागते. हा भाग वर्षानुवर्षे दुष्काळी राहिला आणि येथील असंख्य घरांतील पुरुष गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परप्रांतांत गेले. आजही वर्गातील कित्येक मुलींचे वडील तमिळनाडू, केरळ किंवा उत्तर प्रदेशातील एखाद्या शहरात असतात, घरी आई, आजी-आजोबा आणि चुलते असतात, आणि मुलीच्या पुढील शिक्षणाचा निर्णय वडील यात्रेला किंवा दिवाळीला गावी आले म्हणजे, नाहीतर फोनवर, होतो. हा निर्णय एकट्या मुलीचा कधीच नसतो, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

ज्या विद्यार्थिनीविषयी हे लेखन आहे, तिची ओळख पटू नये म्हणून तिचे नाव आणि काही तपशील वगळले आहेत. आठवीपासून ती गणितात वर्गाच्या पुढे होती. विद्युत परिपथाच्या प्रयोगात बल्ब लागला नाही की बाकीच्या मुली माझ्याकडे पाहत. ही मात्र आधी सेलची टोके, मग तारेचे सांधे आणि शेवटी बल्बची तार अशा क्रमाने एकेक गोष्ट तपासत जाई. कोणी न शिकवता दोष शोधण्याची अशी पद्धत एखाद्या मुलीकडे असणे ही माझ्या दृष्टीने तिच्या गुणपत्रिकेपेक्षा मोठी खूण होती. तरीही नववीच्या अखेरीस पुढे काय करणार असे विचारल्यावर तिने क्षणभरही विचार न करता ‘आर्ट्‌स, मग डी.एड.’ असे सांगितले. तिला विज्ञान नावडते होते असे नाही. तिच्या आत्याच्या मुलीने हेच केले होते, आणि शिकलेली, कमावती, गावात मान असलेली दुसरी स्त्री तिने जवळून पाहिलीच नव्हती.

चित्रे

मुलींच्या मनात नेमके काय आहे हे पाहावे म्हणून मी वर्गातील सर्वांना एका तासाला शास्त्रज्ञाचे आणि अभियंत्याचे चित्र काढायला सांगितले. या चाचणीला मोठा इतिहास आहे. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ मुलांकडून अशी चित्रे काढून घेतली, तेव्हा त्यांपैकी केवळ २८ चित्रांत शास्त्रज्ञ म्हणून स्त्री होती आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. पुढच्या दशकांत अमेरिकेतील अशा चित्रांमध्ये स्त्रियांचे प्रमाण बरेच वाढले, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासातून दिसून आले. म्हणजे हे चित्र बदलू शकते.

आमच्या वर्गात शास्त्रज्ञ बहुधा चष्मा, विस्कटलेले केस आणि हातात परीक्षानळी अशा रूपात आला, आणि अभियंता पिवळे शिरस्त्राण घालून इमारतीसमोर उभा राहिला. दोघेही पुरुष. मुलींच्या कागदांवरही तसेच. एका मुलीने मात्र पंजाबी ड्रेस घातलेली, ओढणी मागे बांधलेली स्त्री काढली होती. मला आनंद झाला, पण चित्राखाली तिने ‘आमच्या मॅडम’ असे लिहिले होते. विज्ञान हाताळणारी स्त्री म्हणजे विज्ञान शिकवणारी शिक्षिका, इतकीच तिची ओळख होती.

आमच्या विद्यालयाच्या भिंतीवर सावित्रीबाई फुले यांची तसबीर आहे. त्यांचा जन्म शेजारच्याच सातारा जिल्ह्यातील नायगावचा, आणि ३ जानेवारीला मुली त्यांच्याविषयी मनापासून भाषणे करतात. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या हेही सर्वांना पाठ आहे. या स्त्रियांचे ऋण फार मोठे आहे आणि त्यांची नावे मुलींच्या तोंडी असलीच पाहिजेत. परंतु दहावीनंतरचा अर्ज कोठे भरायचा, गणित राहिले तर काय होते, वसतिगृहात जेवण कसे असते, हे तसबीर सांगू शकत नाही. मुलगी तिला नमस्कार करते आणि स्वतःचा प्रश्न स्वतःजवळच ठेवून घरी जाते.

पहिला प्रयत्न

त्या वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रीला विद्यालयाने आमंत्रित केले. त्या वेळात वेळ काढून आल्या, आपल्या संशोधनाविषयी तळमळीने बोलल्या, परदेशातील प्रयोगशाळांची छायाचित्रे दाखवली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढून घेतले. प्रश्न विचारा म्हटल्यावर सभागृहात कोणीही हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलींकडून नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्यांतील कौतुक खरे होते, पण बऱ्याच चिठ्ठ्यांचा आशय एकच होता: त्या मुळातच फार हुशार आहेत, ते आपल्याला जमणारे नाही.

हा अनुभव केवळ आमच्याच विद्यालयाचा नाही. पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की अत्यंत यशस्वी व्यक्तीचे उदाहरण तेव्हाच उभारी देते, जेव्हा पाहणाऱ्याला ते यश आपल्या आवाक्यातले वाटते. तसे वाटले नाही तर तेच उदाहरण माणसाला खचवू शकते. पाहुण्यांच्या भाषणात त्यांचे गाव, त्यांची दहावी, त्यांना न जमलेले विषय यांतले काहीच आले नव्हते. शिखर दिसले, पायवाट दिसली नाही. आमंत्रण देताना आपण त्यांच्याकडे काय मागायला हवे होते, याचा विचार आम्ही सर्व शिक्षकांनी त्यानंतर प्रथमच एकत्र बसून केला.

पंपगृह

आमच्या भागाला आता टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी मिळते. कराडजवळच्या टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि खानापूर, आटपाडीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत आणले जाते. ज्या मुलींच्या आयांनी टँकरच्या रांगेत आयुष्य काढले, त्या मुलींच्या शिवारात आज ऊस आणि द्राक्षे आहेत. अभियांत्रिकीने माणसाचे जगणे कसे बदलते हे सांगण्यासाठी मंगळयानापर्यंत जाण्याची गरज या भागात तरी नाही. रीतसर परवानगी घेऊन आम्ही नववी-दहावीच्या मुलींना एका पंपगृहावर नेले, आणि या वेळी ज्या आयांना शक्य होते त्यांनाही बरोबर येण्याचा आग्रह केला. तेथे आमची भेट जलसंपदा विभागातील एका महिला अभियंत्याशी ठरलेली होती. त्या स्वतः जत तालुक्यातील शेतकरी कुटुंबातल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या.

त्यांनी भाषण केले नाही. पंपांची गाज इतकी होती की आत भाषण शक्यही नव्हते. बाहेर आल्यावर त्यांनी एका फळ्यावर आकडे मांडले. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी शंभर मीटर वर चढवायचे आहे. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठातले सूत्र लावून किती ऊर्जा लागेल ते सांगा. मुलींनी वह्या काढल्या. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केल्यावर ९ लाख ८० हजार ज्यूल हे उत्तर आले. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा हिशेबाने पाव युनिटाहून थोडी अधिक वीज पुरायला हवी. त्यांनी सांगितले की प्रत्यक्षात पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर साधारण एक तृतीयांश युनिट लागते. यावर आमच्या विद्यार्थिनीने विचारले, ‘मग मधली वीज जाते कुठं?’ त्या तिला पुन्हा आत घेऊन गेल्या आणि मोटारीच्या कवचापासून सुरक्षित अंतरावर तळहात धरायला सांगितला. बाहेर आल्यावर तिने स्वतःहून बाकीच्या मुलींना सांगितले की ती वीज तापण्यात आणि आवाजात जाते. परीक्षेत सोडवलेले उदाहरण आणि आपल्या शेतात आलेले पाणी या दोहोंचा संबंध त्या दिवशी तिला स्वतःला लागला, आणि माझ्या मते या प्रकरणातील पहिला निर्णायक क्षण तो होता.

दुसरा महत्त्वाचा संवाद आयांचा होता. चहा झाल्यावर एका आईने विचारले, ‘मॅडम, रातच्याला पण यावं लागतं का? मग घरचं कोण बघतं?’ अभियंता बाईंनी हा प्रश्न टाळला नाही. आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना रात्री-अपरात्री फोन येतो, कधी यावेही लागते, असे त्यांनी सांगितले; मुले लहान असताना सासूबाईंनी सांभाळली, नवऱ्याने बदली मागून घेतली, आणि सुरुवातीच्या कामाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हते, ते मागून मागून बांधून घ्यावे लागले, हेही सांगितले. पगार किती, बदली कुठे होते, लग्न शिक्षणाआधी झाले की नंतर, असे प्रश्न एकामागून एक आले. विज्ञान दिनाच्या सभागृहात जे मौन होते, ते येथे कोठेच नव्हते. अडचणी लपवून केवळ यश सांगितले की आईबापांचा विश्वास बसत नाही, कारण अडचणी असणारच हे त्यांना ठाऊक असते. अडचण आणि तिच्यातून काढलेली वाट एकत्र सांगितली की त्यांना बोलायला जागा मिळते.

ताई

भेटीनंतर विद्यार्थिनीचे मन वळले होते, पण ती इतकेच म्हणाली की ‘त्या मॅडम मोठ्या आहेत.’ तेव्हा आम्ही विद्यालयाच्याच एका माजी विद्यार्थिनीला बोलावले. ती दोन वर्षांपूर्वी दहावी होऊन जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात पदविकेला शिकत होती. ती शाळेत बोललीच, पण संध्याकाळी आमच्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन जेवलीही. तिने सोबत आपली ड्रॉइंगची शीट आणली होती आणि कार्यशाळेत स्वतः कानस मारून तयार केलेला लोखंडी जॉब, म्हणजे सरावासाठी घडवलेला तुकडा, आणला होता. तो जॉब आजीने हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि धारेवरून बोट फिरवले. हे पोरीने केले, यावर त्यांचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला.

ताईने सांगितलेल्या गोष्टींत सर्वांत उपयोगी गोष्ट तिच्या अपयशाची होती. पहिल्या सत्रात तिचा गणिताचा विषय राहिला. पुस्तके इंग्रजीत, वर्गात शहरातल्या मुली, आणि प्रश्न विचारायची लाज. पुढच्या वेळी तिने तो सोडवला. तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेसाठी मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय २०२१-२२ पासून दिला आहे, हेही तिच्याचकडून घरच्यांना कळले. विषय राहणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. पण ज्या मुलीला हे घर लहानपणापासून ओळखत होते, तिने सांगितल्यावर ते पटले.

घरचा निर्णय

वडिलांशी फोनवर बोलणे झाले. त्यांचा विरोध नव्हता, काळजी होती, आणि ती रास्त होती: मुलगी बाहेर राहणार, आपण दीड हजार किलोमीटरवर, काही झाले तर कोण धावणार. चुलत्यांचा प्रश्न निराळा होता. एवढा खर्च करून तीन वर्षांनी हातात काय, असे ते विचारत होते. पदविकेचा मार्ग येथेच उपयोगी पडला. दहावीनंतर तीन वर्षांत हाती पदविका येते, नोकरी धरता येते, आणि पुढे शिकायचे असल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे कुटुंबाला सहा-सात वर्षांचा निर्णय एकदम करावा लागत नाही. खर्चाविषयी मी त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीची माहिती दिली. ती पदविका आणि पदवी दोन्हींच्या मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,००० रुपये मिळतात आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा राज्य शासनाचा जुलै २०२४ चा निर्णयही सांगितला.

याच बैठकीत सुरेखा यादव यांचा विषय निघाला. त्या मूळच्या साताऱ्याच्या, शेतकरी कुटुंबातल्या. त्यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. धंद्यासाठी आयुष्यभर रेल्वेने ये-जा केलेल्या घरात घाटातून गाडी नेणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागले नाही. चुलत्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: शिक्षण कराडलाच झाले का, आणि पदविकाच होती का. त्यानंतरच्या आठवड्यात ते स्वतः पुतणीला घेऊन तंत्रनिकेतन आणि मुलींचे वसतिगृह पाहून आले. प्रवेश विद्युत शाखेत झाला.

दुसरी मुलगी

त्याच वर्गातील आणखी एका मुलीची गोष्ट मी या प्रकरणातून वगळू शकत नाही, कारण तिला गुण आमच्या विद्यार्थिनीहून अधिक होते. तीही पंपगृहावर आली होती आणि तिनेही ताईला प्रश्न विचारले होते. तिच्या वडिलांचे निधन झालेले, आई दुसऱ्याच्या रानात कामाला जाते, धाकटा भाऊ शाळेत आहे. तिची वस्ती गावापासून लांब आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो, परंतु वस्तीवरून थांब्यापर्यंतची वाट पहाटे आणि अंधार पडल्यावर एकटीने चालायची असते. वसतिगृहाला पाठवले तर आईला हाताखाली कोणी उरत नाही. ती विट्याच्या कला शाखेत नावापुरती दाखल झाली आणि बहुतेक दिवस आईबरोबर रानात असते. तिच्यासमोर कितीही आदर्श उभे केले असते तरी ही वाट आणि ही घरची ओढ बदलली नसती. ज्यांच्या अडचणी पैशाच्या, वाहनाच्या आणि मनुष्यबळाच्या आहेत, त्यांना केवळ प्रेरणा देत राहणे हा त्या मुलींवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तिच्या आईला निराधार योजनेचा लाभ मिळावा आणि वस्तीवरील मुलींसाठी सकाळी वाहनाची सोय व्हावी, यासाठी ग्रामपंचायतीकडे आम्ही अर्ज केला आहे. तो अद्याप मार्गी लागलेला नाही.

प्रकरणाचा अर्थ

एका मुलीच्या प्रवेशावरून नियम काढता येत नाही. म्हणून इतरत्र झालेल्या अभ्यासांशी हे ताडून पाहणे मला आवश्यक वाटले. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरातील शाळांत विज्ञान क्षेत्रातील स्त्रियांनी वर्गांना तासाभराची भेट दिली. त्या अभ्यासात आपल्या बारावीसमान वर्गातील विज्ञान शाखेच्या मुलींमध्ये, स्पर्धा कठीण असलेल्या विज्ञान-तंत्र अभ्यासक्रमांना जाण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदा टक्क्यांपर्यंत गेले. दहावीसमान वर्गातील मुलींच्या निवडीवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे जी मुलगी उंबरठ्यावर उभी आहे तिला एका भेटीचा आधार पुरतो, आणि जी अजून दूर आहे तिच्यासाठी एक तास पुरत नाही. आमच्याकडे तर दहावी हाच उंबरठा आहे, कारण विद्यालय तेथेच संपते. त्यामुळे आमच्याकडील प्रयत्न आठवीपासून आणि वर्षभर चालणारा असायला हवा.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातला आहे. ज्या गावांत सरपंचपद सलग दोनदा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तेथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आईवडिलांच्या अपेक्षांतील तफावत सुमारे पाव हिश्शाने कमी झाली, आणि मुलामुलींच्या शिक्षणातील अंतर भरून निघाले. मला यातील ‘सलग दोनदा’ ही अट फार महत्त्वाची वाटते. एकदा दिसलेली कर्तबगार स्त्री अपवाद म्हणून विसरली जाते. पुन्हा पुन्हा दिसणारी स्त्री हळूहळू नित्याची होते, आणि बदल आधी आईवडिलांच्या बोलण्यात येतो. आमच्या प्रकरणात चुलत्यांनी वसतिगृह पाहायला जाणे हाच खरा बदल होता. प्रवेश त्याच्या मागून आला.

या अनुभवानंतर वर्गात थोर शास्त्रज्ञ स्त्रियांविषयी सांगण्याची माझी रीतही बदलली आहे. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, एवढेच आता मी सांगत नाही. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्या केवळ स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला, त्या मागे हटल्या नाहीत, आणि अखेर एक वर्ष परीक्षाधीन म्हणून काम करण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले, हे मी सविस्तर सांगते. ते वर्ष त्यांनी कसे काढले असेल, असे विचारल्यावर मुली बोलू लागतात. कोणी म्हणते रडली असेल, कोणी म्हणते जास्त काम केले असेल, आणि एकीने विचारले की त्यांच्या घरचे काय म्हणाले. हा शेवटचा प्रश्न आमच्या मुलींना कायम पडतो.

आमच्या विद्यार्थिनीचे पहिले सत्र आता संपत आले आहे. यंत्रशास्त्राचा विषय इंग्रजीमुळे जड जातो, वसतिगृहातील जेवण तिला आवडत नाही, आणि ताई आठवड्यातून एकदा तिच्या खोलीवर येऊन गणिते सोडवून घेते. विद्यालयात या वर्षीचे नियोजन करताना आम्ही विज्ञान दिनाचा मोठा कार्यक्रम ठेवलेला नाही. पंपगृहाची भेट दिवाळीच्या सुटीत ठेवली आहे, कारण गलाईच्या धंद्यातील वडील त्या दिवसांत गावी असतात. अभियंता बाईंनी होकार कळवला आहे, आणि ज्या घरी आठवी ते दहावीतली मुलगी आहे त्या प्रत्येक घरी मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र वडिलांच्या नावाने जाणार आहे.